अंटार्क्टिकाचा जवळा: मी, आत्या आणि अकरा दिवस

परत येऊन अर्धं वर्ष होत आलं तरी हे लिहायचं राहिलंच होतं. आत्या दर आठवड्याला विचारायची लिहिलंस का, आणि मी म्हणायचो फोटो निवडायचेत अजून. मग ऑगस्टमधे एक बातमी आली, त्यावरून तिने फोन करून मला चांगलंच झापलं, म्हणून आता बसलोय. बातमी काय ते ओघात येईलच.

आधी आत्याबद्दल. बाबांची धाकटी बहीण, वय ६६, जन्म हर्णैचा. एका बँकेत होती, बंदरातल्या बोटीवाल्यांना कर्जं देण्यात आणि मग ती वसूल करत फिरण्यात तिची तीस वर्षं गेली. स्वतः कधी जाळं टाकलं नाही पण कुठली बोट किती दिवस बाहेर होती, किती बर्फ नेला, किती डिझेल जाळलं आणि किलोला काय भाव मिळाला हे सगळं तिला तोंडपाठ. रिटायर झाल्यावर म्हणाली मला पेंग्विन बघायचेत. मला आइसबर्ग बघायचे होते. क्रिल, म्हणजे तिकडच्या समुद्रातला जवळ्यासारखा इवलासा जीव, दोघांच्याही यादीत नव्हता. खर्च विचारू नका, माणशी एक छोटी चारचाकी आली असती.

दिवस १, उशुआया

मुंबई, अदिस अबाबा, साओ पाउलो, ब्युनोस आयर्स आणि मग उशुआया. मार्च २०२५ चा पहिला आठवडा. प्रवासाचं फार सांगत नाही, एकच किस्सा. आत्याने सोबत जवळ्याची चटणी घेतली होती, सुकं खोबरं, लाल मिरची, लसूण घालून कोरडी भाजलेली, स्टीलच्या डब्यात. विमानतळावर बॅग स्कॅन झाली आणि तिथल्या बाईने डबा उघडून वास घेतला मात्र, दोन पावलं मागे गेली. आत्या तिला मराठीत समजावत होती, "अगं खाऊन तर बघ." डबा गेला. आत्या पुढचे चार तास बोलली नाही.

(टीप: सुकी मासळी, मटण, तूप, बिया काहीही नेऊ नका. आणि पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान १० दिवस आधी घ्या, पिवळं कार्ड हँडबॅगमधे ठेवा. या देशांतून परत येताना भारतात ते बघतात.)

उशुआया म्हणजे डोंगर आणि बीगल चॅनल यांच्या मधे उतारावर वसलेलं गाव, उन्हाळा संपत आलेला, वारा असा की बोलताना तोंडातले शब्द उडून जावेत. संध्याकाळी जेवायला गेलो. मेनूत सेंतोया म्हणजे तिथला मोठा लाल खेकडा, आणि मेर्लुसा नेग्रा. वेटर म्हणाला इथला सगळ्यात भारी मासा. भावही तसाच होता. आत्याने मागवला. पांढराशुभ्र, जाड पाकळ्या सुटणारा, इतका तेलकट की लोण्यासारखा जिभेवर विरघळला. आत्या म्हणाली, "सुरमई याच्यापुढे सुकी लाकूड." आमच्या आत्याच्या तोंडून हे ऐकायला मिळणं म्हणजे काय हे हर्णैच्या माणसालाच कळेल.

खेकड्यांचं वेटर सांगत होता की पकडायचा तो फक्त नर आणि तोही ठरलेल्या मापाच्या वरचा, मादी सापळ्यात आली की परत पाण्यात. आत्याने मान डोलावली आणि लगेच विचारलं, "मग मोजतं कोण?" वेटर हसला आणि बिल आणायला गेला.

दिवस २, बोटीवर

दुपारी चार वाजता बोट. साधारण पावणेदोनशे प्रवासी, बहुतेक पन्नाशीपुढचे, म्हणजे आत्या तिथे तरुणच. चढल्याचढल्या पहिलं काम बायोसिक्युरिटी. सगळे बाहेरचे कपडे, बॅगा, कॅमेऱ्याच्या पिशव्या टेबलावर मांडायच्या आणि व्हॅक्यूम क्लीनरने खिसे, शिवण, वेल्क्रो साफ करायचं, एक बीसुद्धा तिकडे जाता कामा नये. माझ्या जॅकेटच्या वेल्क्रोत राजमाचीचं कुसळ निघालं. दोन वर्षांपूर्वीचं! तपासणाऱ्या मुलीने चिमट्याने काढून मला दाखवलं, मी ओशाळलो.

(टीप: घरूनच वेल्क्रो टाचणीने साफ करून न्या, अर्धा तास वाचतो. बूट बोटीवर देतात. वॉटरप्रूफ पँट मात्र स्वतःची हवी, चांगली हवी, इथे पैसे वाचवू नका.)

दिवस ३ आणि ४, ड्रेक पॅसेज

ड्रेक म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्या मधला खवळलेला समुद्र. उलटीची गोळी आधी घ्या, लागायला लागल्यावर नको. एवढंच सांगतो. मी उशिरा घेतली. आत्याला काही झालं नाही, ती डेकवर उभी राहून अल्बट्रॉस बघत होती. साडेतीन मीटर पंखांचा पक्षी, तासन्तास बोटीमागे येतो आणि पंख हलवतच नाही.

दुसऱ्या दिवशी मी जरा माणसात आलो आणि लेक्चरला गेलो. बोटीवर चिलीची एक बायोलॉजिस्ट होती, तिशीतली, बोलायला फास्ट. तिने सुरुवातच माशापासून केली. मेर्लुसा नेग्रा म्हणजे पॅटागोनियन टूथफिश. दोन मीटरपर्यंत वाढतो, पन्नास वर्षंही जगतो, वयात येतो उशिरा. अमेरिकेत कोणी टूथफिश नावाचा मासा विकत घेणार नाही म्हणून १९७७ मधे एका व्यापाऱ्याने त्याचं बारसं केलं चिलियन सी बास, आणि मग मागणी अशी वाढली की १९९० च्या दशकात चोरटे लाँगलाइनवाले दक्षिणेला धावले. लांबच लांब दोरी, तिला हजारो गळ, गळाला आमिष. आमिष दिसलं की अल्बट्रॉस झडप घालतो, अडकतो, दोरीबरोबर खाली जातो.

आत्याने खिडकीतून बाहेर बघितलं. मी पण.

मग नियम आले. दोरी रात्री सोडायची, ती लवकर बुडावी म्हणून वजन लावायचं, वर फडफडणाऱ्या फिती बांधायच्या, साउथ जॉर्जिया बेटाजवळ तर मासेमारी फक्त हिवाळ्यात, जेव्हा पक्षी तिथे जवळपास नसतात. आणि २००० पासून प्रत्येक टूथफिशला कागद, कुठे पकडला, कुठे उतरवला, कोणी घेतला. हे सगळं झाल्यावर परवानावाल्या बोटींवर पक्षी मरायचं प्रमाण जवळजवळ शून्यावर आलं. चोर तरीही राहिलेच. 'थंडर' नावाच्या बोटीचा पर्यावरणवाल्यांच्या जहाजाने डिसेंबर २०१४ पासून ११० दिवस पाठलाग केला, आणि तिने टाकून दिलेली ७० किलोमीटरच्या वर जाळी दुसऱ्या जहाजाने गोळा केली. शेवटी एप्रिल २०१५ मधे आफ्रिकेजवळ साओ टोमेच्या समुद्रात थंडर बुडाली, आणि खलाशांना वाचवलं कोणी, तर पाठलाग करणाऱ्यांनीच. आत्याला ही गोष्ट प्रचंड आवडली. म्हणाली कर्ज बुडवून पळालेल्या एका तांडेलामागे ती पण अशीच जयगडपर्यंत गेली होती, एसटीने.

पण लेक्चरमधलं मला लागलं ते दुसरंच. साउथ जॉर्जियाच्या आसपास मार्बल्ड रॉककॉड म्हणून मासा होता. १९६९-७० च्या एका हंगामात सोव्हिएत ट्रॉलरनी तो सुमारे ४ लाख टन काढला. पुढच्या वर्षी लाखभर. मग संपला. १९८५ पासून त्याच्यावर बंदी आहे, इतक्या वर्षांनी आता कुठे थोडा सावरताना दिसतोय. म्हणजे दोन वर्षांची मजा आणि दोन पिढ्यांचा उपास.

मासे संपल्यावर बोटी वळल्या क्रिलकडे. पेंग्विन, सील, देवमासे, स्क्विड, मासे सगळ्यांचं जेवण तेच, ते संपलं तर रॉककॉडसारखा एक मासा नाही, अख्खं घरच बसेल, या भीतीने १९८० मधे अंटार्क्टिकाच्या समुद्रातले जीव जपायचा करार झाला आणि १९८२ मधे लागू झाला. त्याचं ऑफिस ऑस्ट्रेलियात होबार्टला. आज २७ सदस्य आहेत, भारत १९८६ पासून आहे. दर ऑक्टोबरला बैठक, आणि निर्णय एकमतानेच. एकाने जरी नाही म्हटलं तरी अडलं.

मग तिने आकडे टाकले. आम्ही चाललो होतो ते अंटार्क्टिकाचं द्वीपकल्प, साउथ ऑर्कनी आणि साउथ जॉर्जिया ही बेटं, हा सगळा पट्टा धरून २०१९ च्या पाहणीत क्रिल निघाला सुमारे ६ कोटी २६ लाख टन. कागदावर मर्यादा वर्षाला ५६ लाख टनांची, पण खरी थांबायची रेघ ६ लाख २० हजार टनांवर मारलेली. आत्याने पर्समधून पेन काढलं, पेपर नॅपकिनवर भागाकार केला आणि मला ढोसलं. "एक टक्का. काढतात एक टक्का. मग ओरडा कशाचा रे?"

मला पण तेच वाटलं. सांगायला लाज नाही.

दिवस ५, डिसेप्शन आयलंड

पहाटे पाचला जाग आली कारण बोट हलायची थांबली होती. डिसेप्शन म्हणजे ज्वालामुखीचं तोंड, एका बाजूने फुटलेलं, त्या चिंचोळ्या फटीतून, नेपच्यून्स बेलोज म्हणतात, बोट आत शिरते. आत काळी वाळू आणि वाळूतून वाफा. शेवटचे मोठे उद्रेक १९६७ ते १९७० मधले.

किनाऱ्यावर गंजलेल्या टाक्या उभ्या आहेत, दोन मजली घराएवढ्या. १९१२ ते १९३१ इथे देवमाशांच्या चरबीचं तेल काढायचा कारखाना होता, नॉर्वेजियन. तेलाचे भाव पडले म्हणून बंद झाला. दयामाया वगैरे काही नाही, भाव पडले म्हणून. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात सुमारे २० लाख देवमासे मारले गेले, आणि आता कुठे हंपबॅक परत भरात यायला लागलेत. म्हणजे गिऱ्हाईक परत आलंय आणि नेमकं त्याच वेळी ताटातलं कोणी दुसरंच उचलतंय, असं ती चिलीची पोरगी म्हणाली. (तिचं म्हणणं ती असं नाट्यमय करून सांगते, पण चुकीचं नसतं.)

आमच्या गटात नॉर्वेचे एक आजोबा होते, सत्तरीपुढचे, आयुष्यभर बोटींच्या इंजिनरूममधे काम केलेले. टाकीवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, माझ्या गावचे लोक इथे यायचे, लहानपणी आमच्या घरातही याच धंद्याचा पैसा होता. नंतर रोज जेवायला आमच्याच टेबलावर.

(टीप: बर्ड फ्लूमुळे किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, बॅग खाली ठेवायची नाही. गुडघेदुखी असेल तर चालायची काठी मागून घ्या, देतात. एका वेळी १०० च माणसं उतरवतात म्हणून पाळ्या लागतात, थर्मासमधे चहा ठेवा.)

दिवस ६, विल्हेल्मिना बे

हा दिवस. बाकी सगळं विसरलो तरी हा दिवस विसरणार नाही.

वारा नव्हता. पाणी काळं आणि सपाट, आजूबाजूला बर्फाचे कडे, झोडिअॅकमधे, म्हणजे छोट्या रबरी होडीत, आम्ही दहा जण. इंजिन बंद केलं. आणि मग चारही बाजूंनी श्वास ऐकू यायला लागले. फूऽऽस. मग थोड्या वेळाने पलीकडून फूऽऽस. हंपबॅक, वीस तरी असतील. पाण्यात बुडबुड्यांचं एक गोल कडं उमटायला लागलं, वळत वळत लहान होत गेलं आणि त्याच्या मधोमध तीन जबडे एकदम वर आले, उघडे, आत पाणी आणि लालसर चिखल. बुडबुड्यांचं जाळं करून क्रिल कोंडायचा आणि खालून गिळायचा. मग एकाने आमच्या बाजूला श्वास सोडला आणि तो फवारा वाऱ्याशिवायही आमच्यावर आला. वास! आत्या ओरडली, "अरे ही तर सुकटीची वखार!" शप्पथ सांगतो, डोळे मिटले असते तर हर्णैशेजारच्या पाजपंढरीत उभा आहे असं वाटलं असतं.

तेवढ्यात बायोलॉजिस्टने बारीक जाळं पाण्यातून ओढलं आणि एका काचेच्या बरणीत ओतून बरणी आत्याच्या हातात दिली.

आत क्रिल होता, सात-आठ. बोटाएवढा, जास्तीत जास्त सहा सेंटिमीटर होतो म्हणे आणि वजन दोन ग्रॅमपर्यंत. अंग काचेसारखं, त्याच्यावर लाल ठिपके, डोळे काळे टपोरे मोहरीसारखे, आणि पोटाच्या जागी हिरवा ठिपका, म्हणजे नुकतंच खाल्लेलं शेवाळ आरपार दिसत होतं. पुढच्या पायांची एक टोपलीसारखी गाळणी, ती सारखी उघडत मिटत होती, आणि मागचे पाय वल्ह्यासारखे न थांबता हलत होते. थांबला तर बुडतो, म्हणून आयुष्यभर पोहतो, पाच-सहा वर्षं. आत्याने बरणी डोळ्यांपाशी धरली. बराच वेळ.

"जवळाच आहे हा. जरा खात्यापित्या घरचा."

शास्त्राच्या हिशोबाने जवळा वेगळा आणि क्रिल वेगळा, हे मी सांगायला गेलो तर तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मग तिने बायोलॉजिस्टला माझ्यामार्फत विचारलं की हा लगेच खराब होतो का. ती चकित झाली. हो, म्हणे, फार लवकर, मेल्यावर ह्याच्या पोटातले पाचक रस ह्यालाच विरघळवतात, आणि कवचात फ्लोराइड असतं ते मांसात उतरतं, म्हणून बोटीवरच पटापट प्रोसेस करावा लागतो. आत्या म्हणाली जवळ्याचं तेच, सकाळी आला की दुपारच्या आत वाळत पडला पाहिजे, नाहीतर खत. दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की मी मधे उगाचच होतो.

बरणी परत पाण्यात ओतली.

दिवस ७, कुव्हरव्हिल आयलंड

पेंग्विन! जेंटू. आधी वास येतो, मग आवाज, मग दिसतात. विष्ठा गुलाबी, सगळा उतार गुलाबी, कारण पोटात क्रिल. मार्च असल्यामुळे पिल्लं जवळजवळ आईबापाएवढी झालेली, आणि खाऊ मागत त्यांच्यामागे धावतात. आई पुढे, दोन पिल्लं मागे, आई घसरते, पिल्लू आईवर पडतं, परत धावतात. आत्या हसून हसून खाली बसायला आली, गाइडने वेळेवर धरलं. पाच मीटर अंतर ठेवायचं असतं पण पिल्लांना कोणी सांगितलेलं नाही, एक येऊन माझ्या बुटाची चोच मारून चौकशी करून गेलं.

काही मोठे पेंग्विन मात्र नुसते उभे, अंगावरची पिसं झडलेली, फाटक्या गोधडीसारखे. पिसं बदलताना ते पाण्यात जाऊ शकत नाहीत, दोन-तीन आठवडे उपास. म्हणजे त्याच्या आधी जवळपास भरपूर खायला मिळालं तर निभावलं. पिल्लं असताना पण तेच, आई फार लांब जाऊ शकत नाही. तिच्या लेखी समुद्रात सहा कोटी टन असून उपयोग नाही, तिला लागतो तो पुढच्या पंचवीस-तीस किलोमीटरमधला.

हे मला तिथे उभं असताना समजलं. आत्याला एक दिवसानंतर समजलं, पण जास्त नीट समजलं.

(या भागात जेंटू वाढतायत, चिनस्ट्रॅप आणि अॅडेली या पेंग्विनच्या दुसऱ्या जाती कमी होतायत. सगळा दोष मासेमारीला देता येत नाही. क्रिलची पोरं हिवाळ्यात समुद्री बर्फाखालचं शेवाळ खरवडून जगतात, आणि बर्फच कमी होतोय, २०२३ च्या हिवाळ्यात तर नोंदी ठेवायला लागल्यापासून सगळ्यात कमी होता.)

दिवस ८, ब्रान्सफिल्ड सामुद्रधुनी

सकाळी ढगाळ, बारीक बर्फ. नाश्ता करत होतो, नॉर्वेचे आजोबा खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "कामाला लागलेत." क्षितिजावर एक बोट. मग दुसरी. आत्या दुर्बीण घेऊन डेकवर गेली आणि मोजायला लागली. चार. त्यातली एक नुसती उभी, तिच्यात माल भरतात आणि ती बंदराला नेते म्हणजे बाकीच्यांना जागा सोडावी लागत नाही. आजूबाजूला पक्ष्यांचा थवा, आणि मधेमधे फवारे. देवमासे तिथेच, बोटींच्या मधे.

आजोबांनी सांगितलं की हल्लीच्या मोठ्या बोटी जाळं वर ओढतच नाहीत. जाळ्याच्या तळाला जाड पाइप, तो सतत उपसा करतो, जाळं आठवडाआठवडा पाण्यात. खाली कारखाना, लगेच भुकटी आणि तेल. तेलाच्या कॅप्सूल ओमेगा थ्रीच्या, भुकटी बहुतेक सॅमनच्या शेतीला. तो लाल रंग खाऊन सॅमन गुलाबी होतो. सगळ्यात जास्त क्रिल काढतो नॉर्वे, मग चीन, चिली, कोरिया, युक्रेन. हे सांगताना आजोबांना अवघड होत होतं असं नाही, त्यांनी तेही सांगितलं की प्रत्येक बोटीवर निरीक्षक असतो, सील अडकू नये म्हणून जाळ्यात व्यवस्था असते, आणि २०१८ पासून बऱ्याच कंपन्या आपणहून पिल्लांच्या दिवसात पेंग्विन वसाहतींपासून लांब राहतात. सगळं खरं. २०२१ आणि २०२२ मधे क्रिलच्या जाळ्यांत हंपबॅक मेले, तेही खरं, ते बायोलॉजिस्टने सांगितलं.

आत्या गप्प होती. मग म्हणाली, "सगळ्या इथेच का?"

कारण क्रिल इथेच दाट सापडतो, डिझेल कमी जळतं. देवमासे, पेंग्विन पण त्याच कारणासाठी इथेच.

"म्हणजे एक टक्का अख्ख्या समुद्राचा, पण काढतात एका खाडीतून," आत्या म्हणाली. "आमच्याकडे ट्रॉलर कुठे येतो? बाहेर सगळा अरबी समुद्र पडलाय, पण तो येणार किनाऱ्यालगतच, जिथे छोट्या होडीवाल्याचं जाळं आहे तिथे. कागदावर टनांचा हिशोब बरोबर असतो. होडीवाल्याचा हप्ता थकला की माझ्याकडे कळायचं."

बायोलॉजिस्टला मी हे भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली अगदी ह्याच्यासाठीच २००९ मधे एक नियम केला होता, ६ लाख २० हजार एका ठिकाणाहून काढायचे नाहीत, वाटून काढायचे, या द्वीपकल्पाच्या भागातून जास्तीत जास्त १ लाख ५५ हजार टन. तेवढे भरले की इथलं बंद, दुसरीकडे जा. बऱ्याच वर्षी ते मे-जूनपर्यंतच भरायचे. त्या नियमाला मुदत होती. २०२४ च्या ऑक्टोबरच्या बैठकीत तो पुढे चालू ठेवण्यावर एकमत झालं नाही, आणि नियम गेला. त्याच्या जागी अजून नेमकी वाटणी आणि सोबत इथे संरक्षित क्षेत्र, चिली आणि अर्जेंटिनाने २०१८ मधे मांडलेलं, असा जोडीचा सौदा करायचा होता. नवा झाला नाही आणि जुनाही गेला.

"जुनं खातं बंद करायच्या आधी नवं उघडायचं असतं," आत्या.

तिने विचारलं की मोठं संरक्षित क्षेत्र कधी झालंच नाही का. झालंय, रॉस समुद्रात, २०१६ मधे ठरलं, १५ लाख ५० हजार चौरस किलोमीटर, पण त्याला पाच वर्षं घासाघीस लागली आणि मुदत ३५ वर्षांचीच. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राचे प्रस्ताव रशिया आणि चीन अडवून बसलेत. भारताने २०२१ मधे त्या दोन्हींना पाठिंबा दिलाय, हे मला तिथे, ब्रान्सफिल्डमधे, एका चिलियन बाईकडून कळलं. घरी पेपर रोज येतो आमच्याकडे.

दोन तासांनी त्या बोटी मागे पडल्या. रात्री दिवे दिसत होते मात्र. लांबून बघाल तर हर्णैसमोर रात्री दिसतात तसेच.

दिवस ९ आणि १०, परत ड्रेक

यावेळी गोळी वेळेवर घेतली. ड्रेक पण शांत होता, आता काय उपयोग.

किचनमधे गोव्याचा एक पोरगा होता, वास्कोचा, हेडलँड सड्यावरचा. पहिल्या दिवसापासून आत्याशी अर्धी कोकणी अर्धी मराठी चालू. त्याच्या घराजवळच आपल्या ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आहे. १९८१ मधे पहिली भारतीय मोहीम गोव्याहूनच निघाली होती, त्याचे आजोबा सांगायचे म्हणे. आत्याने त्याला डब्याची कथा सांगितली होती. दहाव्या दिवशी रात्री जेवणानंतर तो आला, टिशूत गुंडाळलेली एक छोटी बरणी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "आंटी, गालमो."

गालमो म्हणजे सुका जवळाच. त्याच्या आईने दिलेला. बोटीवर कसा आणला ते आम्ही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. त्याने किचनमधून कांदा आणि लिंबू आणलं, नारळ नव्हता, आत्याने तिथेच बशीत किसमूर कालवलं. आजोबांनी एक चमचा खाल्ला, डोळ्यात पाणी आलं, दुसरा मागितला. चिलीची पोरगी म्हणाली क्रिलपेक्षा चांगलं लागतं, क्रिल तिने खाल्लाय, कोळंबीसारखा पण पाणचट.

(टीप: शाकाहारी लोकांनी बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, मिळतं व्यवस्थित. इन्शुरन्समधे वैद्यकीय सुटकेचा खर्च आहे ना बघा, नसेल तर बोट घेतच नाही. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या अंगाजवळ ठेवा, थंडीत झटकन बसतात.)

दिवस ११ आणि नंतर

सकाळी उशुआया, ऊन, डोंगरावरची झाडं लाल व्हायला लागलेली. आत्याने परत मेर्लुसा नेग्रा मागवला. मी बघतच राहिलो. ती म्हणाली, "कागद आहे का विचार याला." वेटर मॅनेजरला घेऊन आला, मॅनेजरने खरंच आतून खोक्यावरचं लेबल आणून दाखवलं, बोटीचं नाव, तारीख, सगळं. आत्याने चष्मा लावून वाचलं. स्पॅनिश तिला येत नाही. वाचलं आणि खाल्लं.

आता ती बातमी. ऑगस्ट २०२५ मधे ६ लाख २० हजारची रेघ पहिल्यांदाच गाठली गेली आणि हंगाम नोव्हेंबरपर्यंत असताना क्रिलची मासेमारी तिथेच बंद करावी लागली. मी आत्याला लिंक पाठवली. आपल्याकडे पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते, त्यामुळे हर्णैच्या बोटी नुकत्याच बाहेर पडल्या होत्या आणि फोनवर मागे बंदराचा गलका ऐकू येत होता.

"म्हणजे थांबले ना, रेघ पाळली," मी म्हटलं.

"पाळली. पण कुठून काढले?"

मी सांगितलं, आपण बोटी बघितल्या त्या भागातून गेल्या वर्षीपेक्षा खूपच जास्त.

"आणि तू अजून लिहिलं नाहीस," असं म्हणून तिने जे सुरू केलं ते दहा मिनिटं. शेवटी म्हणाली जवळा यायला लागला की वाळवून ठेवते, गणपतीनंतर येऊन घेऊन जा, आणि दोन डबे आण, एक त्या वास्कोच्या पोराच्या आईला पाठवायचाय.